खालच्या फळीवरची पुस्तकं

"पोहता येतं का?"

खोली भाड्याने मागायला गेले तेव्हा त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. गाव कुठलं, नोकरी कुठे, मासे तळणार का, लग्न कधी करणार, या सगळ्याची उत्तरं मी पाठ करून गेले होते. हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमाबाहेरचा निघाला.

"येतं," मी म्हटलं. "माझं गाव रत्नागिरीच्या खाली आहे. अगदी समुद्राला लागून."

"मग इथे काय करताय?"

"बँकेत लागलेय."

त्यांनी मला एकदा नीट न्याहाळलं. मग म्हणाले, "समुद्र सारखा वाजत असतो म्हणतात. खरं का?"

"वाजतो. पण सवय झाली की ऐकू येत नाही."

हे उत्तर त्यांना पसंत पडलं असावं. ते आत वळून म्हणाले, "वहिनी, समुद्राकाठची भाडेकरू आलीय. चहा टाका." खोली मिळाली. आधी दोन माणसांना त्यांनी 'तुम्ही फार बोलता' असं तोंडावर सांगून परत पाठवलं होतं, हे मला नंतर शेजारणीकडून कळलं.

घर खडकीत, स्टेशनच्या मागच्या बाजूला होतं. खाली ते दोघं आणि वर माझी एक खोली. दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात त्या गृहस्थांनी उभा जन्म काढला होता आणि मी गेले त्याच्या थोडंच आधी निवृत्त झाले होते. उंच, वाकलेला, कानांवर केस असलेला माणूस. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. कारखान्याचा भोंगा झाला की अजूनही खुर्चीतून अर्धवट उठायचे आणि मग आपल्याला कुठे जायचं नाही हे आठवून परत बसायचे. मी त्यांना मालक म्हणायचे. पहिल्या दिवशी मी आतल्या बाईंना 'काकू' अशी हाक मारली तर त्यांनी लगेच चूक दुरुस्त केली. "काकू नाही. त्या माझ्या वहिनी आहेत. माझ्या म्हणजे तुमच्याही." मग मीही वहिनी म्हणू लागले. तसं सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणायची.

मालकांनी लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ नौदलात होता, जहाजाच्या पोटात इंजिनांवर. बांगलादेशच्या लढाईत त्याचं जहाज शत्रूच्या पाणबुडीने बुडवलं. देह मिळाला नाही. वहिनींना मूल नव्हतं. माहेर सासवडकडचं, तिथे परत जाऊन करायचं काय? त्या राहिल्या. तरुण दीर आणि तरुण विधवा भावजय एका घरात म्हटल्यावर लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? बोलणारे बोलले आणि थकून गप्प बसले. माझ्या वेळेपर्यंत दोघांचे केस पिकले होते आणि लोकांना दुसरे विषय मिळाले होते.

तार आली तेव्हा वहिनींनी रडण्याच्या आधी एक प्रश्न विचारला होता. "पाणबुडी म्हंजे काय?" घरात सगळे जमलेले. सासरे कारखान्यात, दीर कारखान्यात, शेजारी कारखान्यात, जन्म दारूगोळ्यात गेलेला. एकालाही नीट सांगता आलं नाही. चार दिवसांनी त्यांनी दिराला एकट्याला गाठून दुसरा प्रश्न विचारला. "पटकन झालं का हो, भावजी?"

मालक म्हणाले, "वाचून सांगतो."

हे मला मालकांनी स्वतः सांगितलं, राहायला आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, आणि इतक्या कोरडेपणाने की मला आधी राग आला. पुढे म्हणाले, "कारखान्यातून आम्ही माल पाठवतो. पोचपावती येत नाही. एकदाच आली, ती घरी आली." आमच्याकडे कोकणात मेल्या माणसाबद्दल इतकं नीटनेटकं बोलत नाहीत, आम्ही गळा काढतो.

तर वाचून सांगतो म्हणाले आणि वाचायला लागले. मी गेले तेव्हाही वाचतच होते.

बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत पुस्तकांची होती आणि सगळी पुस्तकं एकाच विषयाची. पाणबुड्या, त्यांची यंत्रं, त्यांच्या लढाया, त्यांतून वाचलेल्यांच्या आठवणी. बहुतेक इंग्रजी. जुन्या बाजारातून आणलेली, कॅम्पातल्या फूटपाथवरून उचललेली, परदेशी निघालेल्या कुठल्याशा साहेबाच्या रद्दीतून सोडवलेली. भिंतीवर पाटी होती, "पुस्तक मागू नये. वाचायचे असल्यास येथेच बसून वाचावे. चहा एकदाच मिळेल." ती पाटी वाचून मला हसू आलं तर म्हणाले, "हसताय काय? दुसरा कप मागणारे आहेत लोक."

पुस्तकं लावायची त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. लेखकाप्रमाणे नाही, आकाराप्रमाणे नाही. वरच्या फळ्यांवर ज्या पुस्तकांतली माणसं शेवटी पाण्याबाहेर येतात ती. अगदी खालच्या, जमिनीलगतच्या फळीवर ज्यांतली येत नाहीत ती. खालचं पुस्तक काढायचं तर फरशीवर मांडी घालून बसावं लागे. मी एकदा म्हटलं, "अहो, ही फळी थोडी वर घ्या की. गुडघे दुखतात तुमचे."

"त्यांच्यासाठी बसायलाच पाहिजे," ते म्हणाले.

रोज संध्याकाळी दिवेलागणीला ते वहिनींना एक प्रकरण सांगायचे. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं, मराठी अक्षर लावून वाचायच्या. मालक पुस्तक समोर धरून एकदम मराठीत सांगत जायचे, न अडखळता, हिशेबी आवाजात. वहिनी तांदूळ निवडत किंवा वाती वळत ऐकायच्या. मीही जिन्यावर बसायचे. खोटं कशाला बोलू, मला आधी त्यात रस नव्हता. खालून जेवणाचं बोलावणं येईल या आशेने बसायचे. पण हळूहळू मन तिकडे ओढलं गेलं.

वहिनींचं आवडतं पुस्तक एका आचाऱ्याचं होतं. पाणबुडीत स्वयंपाक करणाऱ्या माणसाने म्हातारपणी लिहिलेलं. निघताना सगळीकडे, अगदी झोपायच्या जागेतही, बटाटे आणि पाव कसे कोंबतात. थोड्या दिवसांत पावाला बुरशी येते आणि मग वरचा हिरवा भाग खरवडून आतला खायचा. कशालाही हात लावा, डिझेलचा वास. एका बिछान्यात दोन माणसं पाळीपाळीने झोपतात. एक उठला की दुसरा त्याच उबेत आडवा होतो.

"पांघरूण तरी निराळं आसंल?" वहिनी विचारायच्या.

"नाही."

"शी!"

अंघोळ नाही, प्यायचं पाणी मोजून, हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे आमच्या सासवडसारखंच की. एवढ्या पाण्यात ऱ्हाऊन पाणी न्हाई ते न्हाईच." ते आचाऱ्याचं पुस्तक माझ्या देखत तीन वेळा तरी झालं. दर वेळी वहिनी 'शी' त्याच जागी म्हणायच्या.

मालकांचं आवडतं पुस्तक निराळं होतं. एका पाणबुडीच्या कप्तानाने लिहिलेलं, फार जुन्या लढाईतलं. त्याने दुर्बिणीच्या नळीतून शत्रूचं जहाज पाहिलं. कठड्याला टेकून एक खलाशी संत्रं सोलत होता. कप्तान लिहितो की त्याचं संत्रं खाऊन होईपर्यंत मी थांबलो, मग हुकूम दिला. हे का केलं ते मला अजून कळलेलं नाही, असंही लिहितो. या पुस्तकाची पाठ निखळली होती आणि मालकांनी ती खळ लावून धोतराच्या तुकड्याने चिकटवली होती. मी एकदा न राहवून विचारलं, "तुम्हाला याचा राग येत नाही?"

"खरं लिहिलंय त्याने," ते म्हणाले. "पाणबुडीतला माणूसही कोणाचा तरी भाऊच. त्याच्याही वहिनीला झोप लागत नसेल."

ज्या पुस्तकात कोणालाच घाम येत नाही ते पुस्तक खोटं, ही त्यांची कसोटी होती. शौर्याची वर्णनं आली की ते पानं उलटायचे आणि वहिनींना सांगायचे, "इथे दोन पानं हे गृहस्थ स्वतःची पाठ थोपटतायत. पुढे जाऊ." चित्रं असलेली पुस्तकं आवडायची नाहीत. चित्रकार सगळ्यांना दाढी करून उभं करतात, असा आक्षेप होता. एका पुस्तकात पाणबुडीचा पंप चुकीच्या बाजूला दाखवला होता, तर त्यांनी पेन्सिलीने तो खोडून योग्य बाजूला काढला आणि खाली सही केली.

त्या घराची अशी स्वतःची एक भाषाही झाली होती. वर शत्रूचं जहाज फिरत असलं की पाणबुडीतली माणसं श्वास रोखून बसतात, चमचासुद्धा खाली पडू देत नाहीत. त्यामुळे नको असलेलं कोणी फाटकाशी आलं की मालक हळूच म्हणायचे, "वर जहाज आहे." वहिनी लगेच गॅस बारीक करायच्या, हातातलं भांडं फडक्यावर ठेवायच्या आणि दोघं निश्चल बसायचे. विम्याचा माणूस दहा मिनिटं कडी वाजवून निघून जायचा. मी वरच्या खिडकीतून त्याचा वैतागलेला चेहरा बघायचे. या दोघांना असं खेळताना पाहून मला बरं वाटायचं. नाहीतर त्या घरात हसणं बेताचंच होतं.

समुद्र मात्र मालकांनी कधी पाहिला नाही. इतकी पुस्तकं वाचली पण मुंबईला जायचं नाव काढलं की कानांवर हात ठेवायचे. कोणा चुलत बहिणीच्या लग्नाला अलिबागला बोलावलं तर मनीऑर्डरने आहेर पाठवून दिला. मी एका मे महिन्यात दोघांना आमच्या गावी चला म्हणून फार आग्रह केला. आंबे आहेत, घर मोठं आहे, आई वाट बघतेय. मालक म्हणाले, "आंबे इकडे पाठवा. समुद्र तिकडेच राहू दे."

वहिनींना मात्र मोठं पाणी पाहायचं होतं. शेवटी मीच हट्ट धरून एका रविवारी दोघांना खडकवासल्याला नेलं. बस बदलत, धक्के खात पोचलो. श्रावण संपत आला होता आणि धरण तुडुंब. भिंतीजवळ कणसं भाजणारे, भजीवाले, फोटो काढणारी कॉलेजातली पोरं. वहिनी कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मालक दोन पावलं मागे, छत्री दोन्ही हातांत धरून.

"एवढं खोल असतंय का?" वहिनींनी विचारलं.

"याच्यापेक्षा."

"किती?"

"पुष्कळ."

वहिनी पाण्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला दुःख दिसलं नाही. परक्या घरात गेल्यावर बायका जशा भिंती, छप्पर, मोरी बघून घेतात तसं त्या बघत होत्या. मग मान न वळवता म्हणाल्या, "भावजी, सापडलं का हो ते?"

"वाचतोय अजून."

"बरं."

एवढंच. या दोघांत हा प्रश्न इतकी वर्षं जिवंत आहे, असा मधूनमधून विचारला जातो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटलं होतं तो जुना प्रश्न जुना झाला असेल. परतीच्या बसमध्ये वहिनींना झोप लागली आणि मालक त्यांच्या पिशवीवर हात ठेवून संपूर्ण रस्ताभर बाहेर बघत होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कॅम्पाच्या पलीकडे एक निवृत्त नौदल अधिकारी राहायचे. बंगला विकून मुलाकडे निघाले होते आणि पुस्तकं काढून टाकणार आहेत असं मालकांना कुठून तरी कळलं. ओझं उचलायला मला बरोबर घेतलं. अधिकारी मोठे अदबशीर गृहस्थ होते. पांढरेशुभ्र कपडे, उत्तम मराठी. पुस्तकं दाखवली, सरबत दिलं. बोलता बोलता मालकांच्या भावाचा विषय निघाला. अधिकाऱ्यांनी पेला खाली ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "आपण एका गोष्टीचं समाधान माना. असं जे होतं ते पटकन होतं. काही कळायच्या आत."

मालकांनी विचारलं, "हे आपण किती घरांत सांगितलंत?"

मला वाटलं आता ते गृहस्थ चिडणार. पण ते चिडले नाहीत. खुर्ची बागेकडे वळवून घेतली. मग म्हणाले, "माझं कामच होतं काही दिवस. घरोघर जायचं. तसंच सांगायचं असतं, साहेब. दुसरं काय सांगणार?"

"आमच्या घरी आलेले साहेबही तेच म्हणाले होते. हेच शब्द," मालक म्हणाले. "आपला राग नाही. पण माझ्या वहिनींना ते पटलं नसावं, कारण नंतर त्यांनी मला विचारलं. ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनी देऊन टाकलंय तो प्रश्न माणूस परत कोणाला विचारतो? जो थाप मारणार नाही असं वाटतं त्याला."

अधिकारी फाटकापर्यंत सोडायला आले. पुस्तकांचे पैसे घेतले नाहीत. रिक्षात मालक म्हणाले, "भला माणूस आहे. वाईट काम वाट्याला आलं त्याच्या."

त्या गठ्ठ्यातली तीन पुस्तकं खालच्या फळीवर गेली. तोवर मला या विषयाची इतकी चटक लागली होती की एका सुट्टीच्या दिवशी मी फरशीवर बसून त्यातलं एक वाचायला घेतलं आणि दुपारपर्यंत उठले नाही. बुडालेल्या जहाजांवरचं होतं. पाणबुड्यांनी बुडवलेल्या आणि स्वतः पाणबुड्याही. दारं बंद झालेल्या खालच्या खोल्यांत हवा राहते. माणसं राहतात. बाहेरून बुडी मारून माणसं गेली तर आतून ठोकल्याचे आवाज ऐकू येतात. मी पुस्तक मिटलं. समोर मालक खुर्चीत बसून माझ्याकडेच बघत होते. वहिनी बाजारात गेल्या होत्या.

"म्हणजे उत्तर आहे यात," मी म्हटलं. "मग वाचतोय अजून, वाचतोय अजून, असं का सांगता त्यांना?"

"उत्तर मला तिसऱ्या की चौथ्या पुस्तकातच मिळालं," ते म्हणाले. "कारखान्यात होतो तेव्हाच. पुढची सगळी दुसरं काही सापडतंय का ते बघायला आणली."

एवढी मोठी भिंत. ती सगळी एका 'हो'साठी जमवली होती, हे मला तेव्हा कळलं. मी भडभडून रडले. मालक उठून आत गेले, पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "वहिनी यायच्या आत तोंड धुवा."

मी त्यांच्याशी भांडलेही नंतर. सांगून टाका म्हटलं, थाप मारा नाहीतर खरं सांगा, पण त्या बाईला असं टांगून ठेवू नका. ते म्हणाले, "थाप मारली तर त्यांना कळेल. खरं सांगितलं तर त्या रोज रात्री ते बघतील. तुम्ही सांगाल? घ्या, तुम्ही सांगा." कोकणातली मोठी फटकळ म्हणवणारी मी, मलाही ते जमलं नसतं.

पुढे माझं लग्न झालं आणि मी कोथरूडला राहायला गेले. पण खडकीला जाणं सुटलं नाही. मालकांची नजर मंदावत चालली होती. आधी म्हणायचे, छपाई वाईट आहे. मग म्हणायला लागले, दिवे मंद आहेत. डॉक्टरांकडे नेलं तोवर काचबिंदूने दोन्ही डोळे जवळजवळ नेले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, उरलंय तेवढं चालण्याफिरण्यापुरतं जपा, वाचन विसरा. मी सोबत होते. वहिनीही होत्या. मालक डॉक्टरांना एवढंच म्हणाले, "बरं झालं, निवृत्तीनंतर गेले."

घरी आलो. दुपारची वेळ. वहिनींनी वर्तमानपत्र पसरून मेथी निवडायला घेतली. मी मदतीला बसले. मालक त्यांच्या खुर्चीत, हात मांडीवर. इतकी वर्षं त्या खुर्चीत ते हात मी पुस्तकाशिवाय क्वचितच पाहिले होते.

"भावजी," वहिनी म्हणाल्या.

"हं."

"आता वाचायचं न्हाई म्हणालं डाक्टर. म्हंजे वाचून झालंच म्हणायचं. मग सांगा आता. पटकन झालं का?"

मालकांचा चेहरा मला बघवेना. मी पटकन म्हटलं, "अहो वहिनी, त्या पुस्तकांत..." आणि मालकांनी हात वर करून मला थांबवलं.

"नाही वहिनी," ते म्हणाले. "पटकन होत नाही."

वहिनींनी हातातली जुडी वर्तमानपत्रावर ठेवली.

"खालच्या भागात असतील त्यांना वेळ लागतो," मालक म्हणाले. प्रत्येक शब्द ते ओझं उतरवल्यासारखा खाली ठेवत होते. "दादा खालीच होता. दारं बंद होतात. आत हवा राहते. ती पुरते तोपर्यंत माणूस असतो."

"शुद्धीत?"

"शुद्धीत."

"दिवा असतोय?"

"जातो. अंधार असतो."

"आणि एकटं?"

"एकटं नाही. बरोबर असतात चारजण. सगळ्या पुस्तकांत तसंच आहे. एकमेकांना धरून बसतात. बोलतात. घरचं बोलतात."

बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत होता. मी वहिनींचा हात धरायला पुढे सरकले, तर त्यांनी तो हात सोडवून पदराने तोंड पुसलं. आणि त्या जे म्हणाल्या ते मी जन्मात विसरणार नाही.

"म्हंजे येळ मिळाला त्यांना."

मालकांनी मान वर केली. त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी आवाजाच्या दिशेने त्या जागेकडे बघत राहिले.

"सगळी म्हणली, पटकन झालं, पटकन झालं," वहिनी म्हणाल्या. "त्यो सायेब बी तेच म्हणला. मी म्हणलं, पटकन झालं आसंल तर मी त्यांच्या मनात आलेच न्हाई म्हणायची. तुमाला तर ठावं हाय त्यांचं. काय बी आठवायचं म्हंजे किती येळ लागायचा. बाजारातनं मीठ आणा म्हणलं तर फाटकापातूर जाऊन परत यायचे, काय आणू म्हणालीस म्हणून. एवढ्या घाईत त्यांला मी कुठली आठवती?"

"वहिनी," मालक म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. "मला वाटलं तुम्हाला 'हो' हवंय. इतकी वर्षं मी एक 'हो' शोधत होतो."

"मला कधी इचारलंत का?"

रोज संध्याकाळी एकमेकांसमोर बसणारी ही दोन माणसं, समुद्राच्या तळाचं सगळं एकमेकांना सांगत होती, आणि एवढं एक विचारायची भीड कोणाची मोडली नव्हती. मला दोघांचाही राग आला आणि दोघांच्याही पाया पडावंसं वाटलं.

मालक रडत होते. चष्मा काढून, तोंड न झाकता. वहिनी उठल्या नाहीत, त्यांना गप्पही केलं नाही. जुडी परत हातात घेऊन त्या पानं खुडायला लागल्या आणि बोलायला लागल्या. शांत, घरातलं काही सांगावं तसं.

"पयली त्यांला सायकल आठवली आसंल. टेसनवर ठिवली ती कुलूप न लावता. मग आत्याबाई, तुमची आई. त्यांचा दमा. मग तुमी, भावजी. तुमाला सोडून ऱ्हायचं त्यांला लई जड जायचं. मग म्हस आठवली आसंल आमच्या म्हायेरची, तिच्यावर लई जीव. आन मग मी."

"तुम्ही पहिल्या असाल, वहिनी," मालक म्हणाले.

"न्हाई हो. मी वळखते त्यांला," वहिनी म्हणाल्या. "चौथी-पाचवी आसन. पर येळ व्हता म्हणताय न्हवं. म्हंजे आले आसन."